मध्यरात्रीचा स्लाइस : नियम आणि मापं

ठिकाण : ठाण्याची वागळे इस्टेट ही जुनी औद्योगिक वसाहत. इथल्या रस्त्यांना नावांपेक्षा क्रमांकच जास्त. कारखान्यांच्या शेजारी आता आयटी पार्क उभे आहेत. रात्रपाळीच्या माणसाला उभ्या उभ्या खाता येईल असं गरम काहीतरी लागतं; पिझ्झाचा तुकडा त्यासाठीच.

वेळ : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. खाद्यपदार्थांचं दुकान चोवीस तास उघडं ठेवता येतं, हे सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मद्यविक्रीच्या जागांना ही मुभा नाही. कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्यावीच लागते.

कागदपत्रं : एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, पार्सललाही तेवढाच.

तुकडा
- न्यूयॉर्क पद्धत : साधारण १८ इंची गोल पिझ्झा, आठ तुकडे. १२ इंचीच्या तुलनेत क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणूनच एका तुकड्यात भूक भागते.
- रोमची पद्धत : चौकोनी ट्रे, कात्रीनं कापणं, वजनावर विक्री.

तापमान : गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. गिऱ्हाईक आलं की तुकडा पुन्हा भट्टीत जातो. तळ कुरकुरीत झाला, चीजवर बुडबुडे आले की कागदी प्लेटवर.