लायडनचं गाजर, अंबडचा हुलगा

नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण ज्याला अजूनही हॉलंडच म्हणतो त्या देशात, लायडन नावाचं एक जुनं शहर आहे. तिथे दर वर्षी तीन ऑक्टोबरला भल्या सकाळी जुन्या वजनघरासमोर माणसांची रांग लागते. रांगेच्या टोकाला मिळतं काय, तर खारवलेला हेरिंग मासा आणि पांढरा पाव. संध्याकाळी घरोघर एकच भाजी शिजते. गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र उकडून, घोटून केलेली ही भाजी म्हणजे ‘हुट्सपॉट’. शहराचा हा सर्वांत मोठा सण. सणाला गोडाधोडाचं ताट नाही, पुरणपोळी नाही, खारा मासा आणि घोटलेलं गाजर! आपल्याकडे अशा जेवणावर पाहुणा रुसून गेला असता.

या जेवणामागची हकिगत १५७४ सालची. स्पेनच्या राजाविरुद्ध डच लोकांनी बंड पुकारलं होतं आणि स्पॅनिश फौजेनं लायडनला वेढा घातला होता. महिन्यांमागून महिने गेले. आधी धान्य संपलं, मग जनावरं संपली. उपासमार आणि साथ यांनी हजारो माणसं मेली. शेवटी बाहेरच्या डच बंडखोरांनी एक अघोरी उपाय केला. समुद्राला थोपवून धरणारे स्वतःचेच बांध फोडले, स्वतःची शेतं बुडवली आणि त्या पाण्यावरून उथळ तळाच्या नावा शहराकडे हाकल्या. पाणी पुरेना, मग ऐन वेळी वादळ झालं, वारा फिरला आणि समुद्र आत शिरला. दोन आणि तीन ऑक्टोबरच्या मधल्या रात्री स्पॅनिश शिपाई पळाले. नावांतून आले हेरिंग आणि पाव. आणि ओस पडलेल्या छावणीत एका अनाथ पोराला, म्हणे, भाजीचं भांडं सापडलं. ते भांडं म्हणून दाखवतात ते लायडनच्या ‘लाकनहाल’ संग्रहालयात ठेवलेलं आहे. काशाचं दिसणारं, तीन पायांचं, आपल्या कुठल्याही जुन्या वाड्याच्या माळ्यावर निघेल असं.

हे मला कळलं ते एका खाद्यफेरीत. मुलीकडे गेलो असताना तिनं माझं नाव परस्पर नोंदवलं होतं. दोन-तीन तास शहरातून पायी हिंडायचं, पाच-सहा ठिकाणी थांबायचं, घास-घास खायचं आणि खाता खाता शहर समजून घ्यायचं, असा हा प्रकार. ‘बाबा, देवळं नि संग्रहालयं तुम्ही कुठेही बघाल, हे बघा,’ असं तिचं म्हणणं. आमची वाटाड्या पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची बाई होती. सायकल हातात धरून ती पुढे चालायची आणि आम्ही दहा-बाराजण वारीसारखे मागे.

पहिला थांबा अर्थातच हेरिंगचा. कालव्याच्या काठी बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तिथल्या गाडीवर. जूनच्या मध्यावर नवा हेरिंग येतो, तेव्हा या लोकांना आपल्याकडच्या पहिल्या हापूसइतकं अप्रूप असतं. शेपटीला धरून मान वर करायची आणि मासा तोंडात सोडायचा. वर बारीक चिरलेला कांदा. शिजवलेला नसतो, नुसता मिठात मुरवलेला. गोदावरीकाठी शहागडचा मासा खाऊन वाढलेल्या माणसालाही एकदा डोळे मिटावे लागले. पण चव वाईट नाही, लोण्यासारखी आहे. माशाचा आतला भाग काढून मिठात पिंपबंद करायची युक्ती या लोकांनी मध्ययुगातच पक्की केली, म्हणून त्यांची गलबतं दूर जाऊ शकली आणि मासा परमुलुखात विकला जाऊ लागला. अॅमस्टरडॅम हेरिंगच्या काट्यांवर उभं आहे अशी त्यांच्यात म्हणच आहे.

दुसरा थांबा चीजचा, आणि इथे मी चमकलो. लायडनच्या चीजमध्ये जिरे असतात! चांगले सढळ हातानं घातलेले, दाताखाली येणारे. कारण विचारलं तर बाईनं सरळ हिशेब सांगितला. दुधावरची साय काढून लोणी करायचं, कारण लोण्याला भाव. मागे राहिलेल्या फिक्या दुधाचं चीज करायचं, ते कोरडं आणि बेचव. म्हणून त्यात जिरं. शेतकऱ्याच्या घरच्या खऱ्या लायडन चीजवर शहराच्या दोन किल्ल्यांचा शिक्का असतो. साय बाजारात आणि ताक घरात, हे गणित मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे दूध डेअरीला जातं आणि चहा कोरा होतो, ते हेच. ताकावरून आठवलं, ही माणसं दुपारच्या पावाबरोबर पेलाभर ताक पितात. फक्त त्यात मीठही नाही आणि हिंगही नाही.

मधल्या एका दुकानात काळ्या गोळ्या दिल्या. ज्येष्ठमधाच्या, पण खारट, आणि त्यात चक्क नवसागर! कल्हईवाला भात्यानं निखारे फुलवून भांड्यात नवसागर टाकायचा, तेव्हा जो धूर नाकात जायचा, तो जिभेवर आला. डच मुलं या गोळ्या आवडीनं चघळतात. याबद्दल आणखी लिहीत नाही.

हुट्सपॉट मिळाला तो एका लहानशा खाणावळीत. पदार्थ म्हणून बेताचाच. गोडसर, मऊ, वर लोणी आणि बाजूला गोमांसाचा तुकडा; तो मी बाजूलाच ठेवला. फोडणीची सवय असलेल्या जिभेला त्यात शोधूनही काही सापडत नाही. शिवाय १५७४ मध्ये तिथे बटाटा खाण्यात आलेलाच नव्हता. तेव्हा त्या भांड्यात पार्सनिप नावाचं पांढरं मूळ असणार, असं बाईनंच सांगून टाकलं. दंतकथा आणि इतिहास यांची ती सरमिसळ करत नव्हती, हे मला आवडलं. वेढ्याच्या काळात शहरात चांदी संपली, तेव्हा प्रार्थनापुस्तकांची पानं एकमेकांवर चिकटवून, ठसा मारून नाणी पाडली, हेही तिनंच सांगितलं. युरोपातलं हे पहिलं कागदी चलन मानतात. त्यावर लॅटिनमध्ये ‘हे स्वातंत्र्यासाठी’ अशा अर्थाची अक्षरं होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा घास इथे थांबला. नोटेमागे सोनं असतं, सरकारची हमी असते, हे आम्ही शिकलो होतो. इथे नोटेमागे होती ती फक्त उपाशी माणसांची एकमेकांना दिलेली जबान.

नंतर आल्या मसाल्याच्या बिस्किटा. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ. पाच डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाला त्या खातात. सगळे हसत-खिदळत खात असताना बाईचा सूर बदलला. जायफळ त्या काळी जगात फक्त बांदा बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला पिकायचं. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला त्याचा मक्ता हवा होता. १६२१ साली यान पीटरसून कून या गव्हर्नर जनरलनं बेटांवर फौज उतरवली. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती. कत्तल झाली, काही उपासमारीनं मेले, काहींना गुलाम करून नेलं. हजारभर उरले असतील. मग बागा राखायला बाहेरून गुलाम आणले. ज्या शहरांतल्या लोकांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी उपासमार भोगली, त्यांच्याच देशाच्या कंपनीनं हे केलं. बाई एवढं सांगून थांबली, कुणी काही बोललं नाही. मला मात्र आमच्या घरातली होळी दिसत होती. पुरण वाटून झालं की त्यावर किसलेलं जायफळ. याच कंपनीची एक वखार १६३७ सालापासून आपल्या वेंगुर्ल्यात होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. ते जायफळ कुठल्या वाटेनं आपल्या पुरणात आलं, हे आपण कधी विचारलेलंच नाही.

आणि शेवटी, काही न खाता, एका घराच्या पायरीशी उभं राहून तिनं सांगितली ती १९४४-४५ च्या हिवाळ्याची गोष्ट. जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम हॉलंडची अन्नाची वाहतूक तोडली गेली होती. रेशन दिवसाला हजार कॅलरींखाली आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. माणसांनी बीट खाल्लं, ट्यूलिपचे कंद खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं मेली. पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेली ऑड्री हेपबर्न तेव्हा तिथे पंधरा वर्षांची होती. ज्या ट्यूलिपच्या ताटव्यांसमोर आपले पर्यटक फोटो काढतात, त्याचा कंद वाटाड्याच्या आईनं सोलून, मधला कडू कोंब काढून, उकडून खाल्ला होता. ‘आई ट्यूलिप घरात आणू द्यायची नाही,’ ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या बाळांवर डच डॉक्टरांनी पुढे पन्नास-पन्नास वर्षं लक्ष ठेवलं. आईची उपासमार झाली, त्या मुलांच्या शरीराला मोठेपणी साखर पेलेना, असं दिसलं. याच धाग्यावर इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर विचार करत होते, आणि आपल्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास मांडला. आपली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, दिसायला हडकुळी, पण अंगात चरबी तुलनेनं जास्त. पुढच्या मधुमेहाची तयारी पोटातूनच. भूक एका पिढीत संपत नाही, ती रक्तात उतरते, हे त्या पायरीशी ऐकताना मी माझ्या गावाचा विचार करत होतो.

अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. विहिरींनी तळ दाखवला होता. सरकारी कामांवर बाया-माणसं खडी फोडत, पाझर तलावांची माती वाहत. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. खायला काय? अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना तुटायची, गिळताना अडायची. मुलांना सुकडी. आणि घरात कुणाच्या गाडग्यात हुलगे असले तर हुलग्याचं माडगं. हुलगा हलक्या जमिनीत, थोडक्या पाण्यावर येतो. म्हणून तो गरिबाचा, म्हणून आधी जनावराचा. आज त्याच हुलग्याची शेंगोळी शहरातल्या हॉटेलांत ‘गावरान’ म्हणून ताटात येते. मिलोचं आणि सुकडीचं नाव मात्र कुणी काढत नाही. माझ्या वयाची माणसं नातवंडांसमोर मिलो खाल्ला हे सांगत नाहीत, जणू चोरी केली होती. लायडनमध्ये नगरपित्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळे भुकेचा पाव रांगेत उभे राहून घेतात. आपण तोच पाव पदराखाली झाकतो.

परत आल्यापासून मी अंबडची अशी एक फेरी मनात आखतो आहे. सुरुवात मत्स्योदरी देवीच्या टेकडीपासून. टेकडीचा आकार माशासारखा, तेव्हा हेरिंगची उणीव भासणार नाही. मग अहिल्याबाई होळकरांनी बांधलेली बारव. तिच्या पायऱ्यांवर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे कुणाच्या तरी घरी येसरीची आमटी. येसर म्हणजे धान्य आणि डाळी भाजून, मसाल्यासह दळून ठेवलेलं पीठ. भाजीपाला नसेल तेव्हा घराला तारणारं. त्यानंतर बाहत्तरच्या कामावर बांधलेला एखादा पाझर तलाव. तिथे खायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. मग एक मोसंबीची बाग. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच भागात शेतकऱ्यांनी टँकरनं पाणी घालून झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि पुष्कळांनी शेवटी बागांवर कुऱ्हाड चालवली. ज्यानं तोडून पुन्हा लावली असेल, त्याच्या बांधावर रस प्यायचा आणि त्याच्याकडून ऐकायचं.

वाटाड्या म्हणून कुणी तरणी पोरगी हवी, आवाज खणखणीत असलेली. मी मागे चालेन. सुकडी कशी करायची, हे सांगणाऱ्या दोन आजीबाई गावात भेटल्या आहेत. एकीनं तर आधी हात झटकला, मग तासभर बोलली. हुलगे बाजारात मिळतात. मिलोची भाकरी करायची तर लाल ज्वारी कुठून आणायची, एवढंच अजून जमलेलं नाही.