‘वेदना’ शब्दाचा अर्थसंकोच आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याच्या विचारात अलीकडे बौद्ध ध्यानपरंपरेचा आधार घेतला जातो. तो घेताना पालीतील काही शब्द मराठीत जसेच्या तसे उतरतात, आणि घोटाळा तेथेच होतो. ‘वेदना’ हा त्यांतील ठळक शब्द होय.

‘विद्’ म्हणजे जाणणे, या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला. पालीत त्याचा अर्थ इंद्रिय व विषय यांच्या संपर्कातून उद्भवणारा अनुभव एवढाच आहे. हा अनुभव सुखद, दुःखद, किंवा सुखदही नव्हे व दुःखदही नव्हे, असा त्रिविध असतो. मराठीत मात्र अर्थसंकोच होऊन केवळ पीडा उरली. (‘संवेदना’ या शब्दात मूळचा जाणण्याचा अर्थ अद्याप टिकून आहे.) त्यामुळे ‘वेदनांचे अवलोकन’ म्हणजे परीक्षेच्या भीतीवरील उतारा, अशी मराठी विद्यार्थ्याची सहज समजूत होते. वस्तुतः सतिपट्ठानसुत्तात सुखद वेदनेचेही अवलोकन सांगितले आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेतून तृष्णा उपजते, आणि ती सुखातूनही उपजते. पहिल्या क्रमांकाने हर्षभरित झालेला विद्यार्थी तो क्रमांक आपल्याकडेच राहावा असे इच्छू लागला, की पुढील परीक्षेच्या भीतीचे बीज पडलेच. भीतीचा उगम हर्षात शोधणे हा या दर्शनाचा विशेष, आणि नेमका तोच भाषांतरात हरवतो.

इंग्रजीतही काहीसे असेच घडले. ‘सति’, म्हणजे संस्कृतातील स्मृती, या शब्दासाठी र्‍हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द वापरला. त्यातील स्मरणाचा अर्थ पुढे मागे पडला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे या साधनेवर आधारलेला जो उपक्रम आरंभिला, तो मुख्यतः दीर्घकालीन दुखण्यांच्या रुग्णांसाठी होता. वेदनाशमनाचा अर्थ असा दोन्ही बाजूंनी दृढ झाला.

फलिताविषयी सावधपणेच बोलावे लागेल. केंब्रिज विद्यापीठातील ६१६ विद्यार्थ्यांच्या पाहणीत (२०१८) ध्यानवर्गास गेलेल्यांचा परीक्षाकाळातील मानसिक ताण इतरांहून कमी आढळला. याउलट, ब्रिटनमधील शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या प्रयोगात (२०२२) नेहमीच्या शिक्षणाहून अधिक लाभ दिसला नाही. केंब्रिजचे विद्यार्थी स्वेच्छेने आले होते. शाळांत संपूर्ण वर्गच बसविले गेले. हा भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सत्यनारायण गोएंका यांनी आपल्या हिंदी प्रवचनांत ‘संवेदना’ हा शब्द योजला. त्याने पीडेचा अर्थ टळतो, तथापि रोख शरीराकडे अधिक वळतो. ‘अनुभूती’ हा शब्द अधिक व्यापक आहे. पण तिचे सुखद, दुःखद व तटस्थ हे तिन्ही प्रकार प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे लागतील.