तापाचा खाडा

गिरणगावाच्या बोलीत 'खाडा' असा एक लहानसा शब्द आहे. माणूस कामावर गेला नाही तो दिवस, त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे राहिलेली रिकामी जागा, एवढे सारे त्या दोन अक्षरांत सामावलेले असते. वरळीच्या बीडीडी चाळीत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उठल्या, त्यांच्या घरी आजाराचे माप तापाच्या अंशांवरून न ठरता पडलेल्या खाड्यांवरून ठरत असे. आणि वैद्यकशास्त्र आज ज्यास हंगामी इन्फ्लुएन्झाचा आर्थिक भार असे भारदस्त नाव देते, त्याचे मर्म या घरगुती मापात पूर्वीच सापडलेले होते, असे मला वाटते. पावसाबरोबर दरवर्षी येणारा हा ताप आपण 'फ्लू आहे, जाईल चार दिवसांत' असे म्हणून विसरून जातो. तो जाताना प्रौढ, कमावत्या माणसाकडून आणि त्याच्या घराकडून काय काय वसूल करून नेतो, याचा हिशेब मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम फ्लू आणि पडसे यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. पडसे पावलापावलाने येते; घसा खवखवतो, नाक गळू लागते, मग डोके जड होते. फ्लू मात्र घड्याळाकडे पाहून वेळ सांगता यावी असा अकस्मात येतो. दुपारी जेवून उठलेला धडधाकट माणूस संध्याकाळी चादर ओढून कुडकुडत पडतो, हाडन् हाड ठणकते, कोरडा खोकला लागतो, आणि ताप तीन-चार दिवसांत उतरला तरी थकवा पुढे पंधरा-पंधरा दिवस अंगात रेंगाळतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी दोनच दिवस जातात, आणि रोगी स्वतः आजारी पडण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो इतरांना देऊ लागतो. म्हणजे ज्याला अजून काहीही झालेले नाही, असा माणूसदेखील त्या दिवशी बसमध्ये, कारखान्यात आणि खानावळीच्या पंगतीत रोग वाटीत फिरत असतो.

या रोगाची मुंबईला पटलेली सर्वांत भीषण ओळख १९१८ सालची. त्या वर्षी जूनच्या १० तारखेस गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, आणि तो हिवताप नव्हे, एवढेच प्रथम डॉक्टरांना उमगले. महायुद्धाच्या त्या अखेरच्या वर्षी बंदरावाटे आलेला हा ताप पाहता पाहता शहरभर पसरला, पावसाळ्याच्या मध्यावर ओसरल्यासारखा वाटला, आणि सप्टेंबरात दुप्पट उग्र होऊन परतला. ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसे दगावली. खेड्यापाड्यांत लोकांनी त्यास 'मानमोडी' म्हटले. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. साधारणतः फ्लू बालकांना आणि वृद्धांना नेतो. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची, घरे चालविणारी माणसे वेचून नेली.

परंतु त्या काळच्या दफ्तरात यांहूनही विचार करावयास लावणारे दोन आकडे आहेत. शहरातील युरोपियनांमध्ये या साथीने दर हजारी ८.३ माणसे मेली, आणि ज्यांना त्या नोंदींत खालच्या जातींचे हिंदू म्हणून निराळे काढले होते, त्यांच्यात दर हजारी ६१.६. विषाणू तोच, शहर तेच, हवाही तीच. मृत्यू मात्र सातपटीहून अधिक. अन्नाची वाण, कोंदट खोली, पडून राहण्याची ऐपत नसणे आणि शुश्रूषेस कोणी नसणे, यांची गोळाबेरीज या दोन आकड्यांच्या अंतरात झालेली दिसते.

या साथीनंतर दोनच वर्षांनी, १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत मुंबई सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन केले आणि मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याची तजवीज केली. प्रत्यक्षात त्याचा सुमारे तिसरा हिस्सा उभा राहिला: वरळीस १२१ इमारती, आणि नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील धरून एकूण २०७. तळमजला आणि त्यावर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस, अशा इमारतीत ८० खोल्या. मधून जाणारा लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दारे, टोकांकडून येईल तेवढा उजेड, सामाईक संडास, आणि एकेका खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. त्या खोलीत एक कुटुंब तर राहतच असे, पण बहुधा गावाकडचा भाऊ, पुतण्या किंवा मेहुणाही राहत असे. कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला, आणि एकाच्या उठलेल्या अंथरुणावर दुसरा अंग टाकीत असे.

अशा वसाहतीत फ्लूचा विषाणू कसा फिरतो, हे समजण्यासाठी दूरदेशीची एक घटना उपयोगी पडेल. १९७७ मध्ये अलास्कात ५४ माणसे असलेले एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे धावपट्टीवर काही तास अडकून पडले, आणि त्या अवधीत आतील हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांत एक स्त्री फ्लूने आजारी होती. पुढील तीन दिवसांत प्रवाशांपैकी ७२ टक्के माणसे आजारी पडली. खोकल्याशिंकेतून उडणारे मोठे थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतात, पण त्यांहून सूक्ष्म कण कोंडलेल्या हवेत बराच काळ तरंगत राहतात, ही गोष्ट या घटनेने स्पष्ट केली. झडीच्या दिवसांत खिडक्या लावून घेतलेली, चुलीच्या नाहीतर स्टोव्हच्या उबेत सात-आठ माणसे झोपलेली १६० चौरस फुटांची खोली हे असेच एक अडकलेले विमान होय. फरक एवढाच की, ते विमान काही तासांनी रिकामे झाले.

पावसाळा आणि फ्लू यांचा संबंधही योगायोगाचा नाही. युरोप-अमेरिकेत हा रोग हिवाळ्यात येतो म्हणून पाठ्यपुस्तकांत तो थंडीचा आजार ठरला. पण देशातील निरनिराळ्या केंद्रांवरील नमुन्यांच्या तपासणीतून दिसले ते असे की, काश्मीरसारखा प्रदेश वगळता भारताच्या बहुतेक भागांत, आणि अर्थात मुंबई-पुण्यातही, त्याचा मुख्य भर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत असतो, आणि कित्येकदा वर्षारंभी एक लहान उसळी येते.

तो दरवर्षी नव्याने का येतो, याचे उत्तर विषाणूच्या घडणीत आहे. १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग करून माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू प्रथम वेगळा केला; तोवर एका निरपराध जंतूवरच या रोगाचा आळ होता. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. हिमॅग्लुटिनिनच्या साह्याने तो पेशीत शिरतो आणि न्यूरामिनिडेजच्या साह्याने त्याची नवी संतती पेशीतून सुटी होते. एच१एन१, एच३एन२ ही नावे याच दोहोंवरून पडली. आपली जनुकीय नक्कल करताना तो वारंवार चुका करतो, त्या चुका साचून पृष्ठभागाचे रूप थोडे थोडे पालटते, आणि गतवर्षी त्यास ओळखणारी आपली प्रतिकारशक्ती यंदा फसते. शिवाय त्याचे जनुकीय द्रव्य आठ सुट्या तुकड्यांत असल्याने पक्ष्याचा, डुकराचा आणि माणसाचा विषाणू एकाच पेशीत भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन सर्वस्वी नवा विषाणू जन्मास येऊ शकतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये देशातील पहिला बळी पुण्यात घेणारा आणि मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयापुढे तपासणीच्या रांगा लावणारा एच१एन१ असाच उद्भवला होता. आज तोच हंगामी फ्लूचा एक नेहमीचा प्रकार होऊन बसला आहे.

आता भाराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फ्लूमुळे दरवर्षी जगात ३० ते ५० लाख माणसे गंभीर आजारी पडतात, आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे श्वसनाच्या उपद्रवाने दगावतात. भारतापुरते पाहिले तर २०१० ते २०१३ या वर्षांवरून केलेल्या अभ्यासात श्वसनाच्या आजारांतील असे मृत्यू वर्षास सुमारे सव्वा लाख निघाले. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र फ्लूचे नाव क्वचितच येते. तेथे न्यूमोनिया लिहिलेला असतो, नाहीतर हृदयविकार. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव इतर काळाच्या सहापट आढळला; कारण संसर्गाशी झुंजताना रक्तवाहिन्यांचा दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकते, आणि तापलेल्या देहास प्राणवायू पुरविताना हृदयाची ओढाताण होते. १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी तिशीत असलेला गिरणी कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. ज्या फुप्फुसांनी उमेदीची वर्षे कापसाची धूळ ओढली, ज्या शरीरात आता मधुमेह नाहीतर रक्तदाब मुक्कामास आहे, त्याला नातवाने शाळेतून आणलेला ताप हा चार दिवसांचा मामला राहत नाही.

आणि जे मरत नाहीत, रुग्णालयातही जात नाहीत, त्यांचे काय? अमेरिकेत या रोगाचा वार्षिक आर्थिक भार सुमारे ११२० कोटी डॉलर असल्याचे एका अभ्यासात दिसले. त्यांपैकी औषधोपचाराचा थेट खर्च ३२० कोटी, आणि उरलेले ८०० कोटी बुडालेल्या कामाचे व अकाली मृत्यूंचे. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिसते ते ओझ्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. आपल्या चाळीपुरता एक हिशेब करून पाहा. एखाद्या पावसाळ्यात चारपैकी एका खोलीतील एका कमावत्या माणसाला फ्लू झाला आणि त्याचे चार खाडे पडले, असे धरले तर एका इमारतीत ८० खाडे होतात. वरळीच्या १२१ इमारतींत ९६८०. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस मोजले तर ही एका माणसाची सुमारे ३२ वर्षांची मजुरी झाली. त्यात आजाऱ्याजवळ बसण्यासाठी घरकाम सोडून थांबलेल्या बाईचा खाडा धरलेला नाही, आणि तो कोणत्याच पुस्तकात लिहिला जात नाही.

यामुळेच आपल्याकडे दुखणे 'अंगावर काढण्याची' रीत पडली. गिरणीतला बदली कामगार आपली जागा दुसऱ्या बदलीकडे जाऊ नये म्हणून तापात साच्यावर उभा राहत असे. आजचा सुरक्षारक्षक, टॅक्सीवाला आणि घरोघर पार्सले पोचविणारा मुलगा तेच करतो. त्याच्या निश्चयाला नावे ठेवण्याचा अधिकार पगारी रजा मिळणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. पण त्याचा परिणाम असा होतो की, रोग सर्वाधिक पसरविण्याच्या दिवसांत तो माणूस सर्वाधिक माणसांत वावरतो, आणि वाचवलेल्या एका खाड्यापायी इतरांचे दहा पडतात. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने आजारपणात भत्त्याची तरतूद केली, आणि पुढे ती वाढून वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के झाली, ही मोठीच गोष्ट होती. परंतु आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सामान्यतः मिळत नाही, फ्लूचा जोर तर त्याच दिवसांत असतो, आणि गिरण्या गेल्यावर ज्या हातांना सुटी कामे धरावी लागली, त्यांतील बहुसंख्य या विम्याच्या छायेतच नाहीत.

उपाय मात्र आहेत, आणि ते महागडेही नाहीत. फ्लूची लस जुळून आलेल्या वर्षी आजार ४० ते ६० टक्क्यांनी टाळते. ती घेऊनही ताप आला तर तो गंभीर होण्याचा संभव घटतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील ८४९ निरोगी नोकरदारांवर १९९४-९५ च्या हंगामात झालेल्या प्रयोगात लस घेतलेल्यांच्या श्वसनविकारामुळे घेतलेल्या रजा ४३ टक्क्यांनी कमी भरल्या. विषाणूचे रूप पालटते म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीचे घटक वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, ठरवते. यास्तव ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि मुंबईकराने ती थंडीची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्यावी. साठी ओलांडलेले, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा व हृदयविकार असलेले, आणि रुग्णसेवेत काम करणारे, यांचा हक्क त्यात पहिला. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भ्रम होणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे, आणि जोखमीच्या रोग्याने तर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतच डॉक्टरांना दाखवावे, कारण ऑसेल्टामिविर हे औषध त्या मुदतीत सर्वाधिक गुण देते. अँटिबायोटिक गोळ्यांचा या विषाणूवर काडीइतकाही परिणाम होत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना चाळीस मजली नव्या इमारतींतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे १६० चौरस फुटांत काढल्यावर नव्या घराच्या प्रत्येक खोलीस स्वतःची खिडकी लाभली, ही आरोग्याच्या दृष्टीने कोणत्याही लसीच्या तोडीची गोष्ट आहे. तेव्हा त्या खिडक्या पावसातही थोड्या उघड्या ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना मे महिन्यात लस द्या. ताप आलेल्याला निदान पहिले तीन-चार दिवस घरी पडू द्या, आणि चारचौघांत जावेच लागले तर त्याने तोंडावर मास्क लावावा. ज्यांच्या हाताखाली चार माणसे कामाला आहेत, मग तो कारखाना असो, दुकान असो की आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई असो, त्यांनी तापाच्या दिवसांचा पगार कापू नये. मानमोडीच्या वेळी एवढे सारे ज्ञान कोणापाशीच नव्हते. आज ते आहे, आणि ते असताना गरिबाच्या नावापुढे पडणाऱ्या तापाच्या खाड्याची जबाबदारी एकट्या गरिबावर टाकता येणार नाही.