आईवडिलांचे लपलेले कर्ज: आधी प्रकृती, मग हिशेब

रात्री दोन-तीन वाजता जाग येणे, आटोक्यात असलेला रक्तदाब एकाएकी वाढणे, छातीत धडधड, पित्त, जेवणावरून उडालेले मन. साठी ओलांडलेल्या माणसाच्या अशा तक्रारी घेऊन घरचे डॉक्टरांकडे जातात. ईसीजी निघतो, साखर तपासली जाते, झोपेची गोळी मिळते. पैशाबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. काही महिन्यांनी वसुलीवाला दारात उभा राहतो, तेव्हा घराला कळते की निवृत्तीची पुंजी संपली आहे, दागिने गहाण आहेत आणि चार-पाच ठिकाणची देणी थकली आहेत.

असे कर्ज वर्षानुवर्षे वाढत आलेले असते आणि त्याच्या खुणाही घरात दिसत असतात. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलणे, टपाल आधी आपल्या हाती यावे म्हणून धडपडणे, पासबुक दाखवायला टाळाटाळ, नातेवाइकांकडून ‘आठ दिवसांत देतो’ म्हणून घेतलेले उसने. एक कर्ज फेडायला दुसरे काढले जाते. क्रेडिट कार्डावर एक लाख रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे, असे धरू. किमान देय रक्कम पाच हजार असेल, तर त्यातले साडेतीन हजार व्याजात आणि ६३० रुपये त्यावरच्या जीएसटीत जातात. मुद्दल कमी होते जेमतेम ८७० रुपयांनी. नियमित पैसे भरणारा माणूसही जागच्या जागी राहतो, तो असा.

‘इतके शिकलेले बाबा असे कसे फसले?’ हा प्रश्न मुलांच्या मनात येतोच. त्याचे काहीसे उत्तर २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडते. संशोधकांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली. एकदा तोडणीपूर्वी, हाती पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर. माणसे तीच होती, पण चणचणीच्या काळातले त्यांचे गुण स्पष्टपणे कमी होते. पैशाची विवंचना मनाची बरीचशी जागा अडवते आणि समोरचा हप्ता सोडून पुढचे काही दिसेनासे होते. आयुष्यभर ‘घरचा कर्ता’ म्हणून वावरलेल्या माणसाला त्यात लाजेची भर पडते. म्हणून तो सांगत नाही आणि न सांगितल्याने आणखी अडकतो.

त्यामुळे पहिले बोलणे चौकशीसारखे होऊ नये. चार नातेवाइकांसमोर जाब विचारण्यापेक्षा एकाच मुलाने किंवा मुलीने, शांत वेळी बसावे. ‘बाबा, ओरडायला आलो नाही. आकडा किती आहे, एवढेच आपण मिळून पाहू,’ इतके पुरेसे असते. पहिल्याच दिवशी पूर्ण आकडा बाहेर येईल अशी अपेक्षा मात्र धरू नये. बहुतेक जण आधी छोटे कर्ज सांगतात, मोठे नंतर.

त्याच वेळी एक प्रश्न टाळू नये. आत्महत्यांच्या सरकारी आकडेवारीत दिवाळखोरी व कर्जबाजारीपणा हे कारण स्वतंत्रपणे नोंदवले जाते. ‘माझ्यामागे विम्याचे पैसे तरी मिळतील’, ‘मी नसलो की सुटाल’ अशी वाक्ये, अचानक केलेली कागदपत्रांची आवराआवर, वस्तू वाटून टाकणे, या धोक्याच्या खुणा आहेत. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मानसोपचारात मान्य झालेले आहे. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा घरातून हलवावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

कर्जामागे आजारही असू शकतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्यांचे हप्ते निदानाच्या सहा वर्षे आधीपासूनच चुकू लागले होते. पैशाचे व्यवहार सांभाळणे हे मेंदूचे अवघड काम आहे, म्हणून बिघाड तिथे लवकर दिसतो. पार्किन्सन्ससाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर नाद लागतो. मात्र ही औषधे स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगावे. उन्मादाच्या अवस्थेतली उधळपट्टी आणि ऑनलाइन जुगाराचे व्यसन यांवरही उपचार आहेत. कधीही कर्ज न काढलेला माणूस उतारवयात एकाएकी असे वागू लागला, तर त्याची तपासणी करून घ्यावी.

प्रकृतीची काळजी घेतल्यावर हिशेबाची पाळी येते. एका वहीत प्रत्येक कर्जाचे नाव, मुद्दल, व्याजदर, तारण, जामीनदार आणि थकलेले हप्ते लिहावेत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा कर्ज अहवाल मोफत मिळतो. तो आईवडिलांच्या संमतीने काढावा. सावकार, भिशी आणि नातेवाइकांचे उसने त्यात दिसत नाही, ते विचारूनच कळते. घर किंवा दागिने तारण असलेली कर्जे आधी आणि त्यानंतर जास्त व्याजाची, असा क्रम ठरतो. हप्ते पेलत नसतील तर बँकेला लेखी अर्ज देऊन पुनर्रचना किंवा तडजोड मागता येते.

कायद्याची माहिती असली की भीती निम्मी होते. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. मात्र न वटलेल्या चेकची नोटीस आली असेल तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते आणि ती चुकवू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमक्या आल्यास बँकेकडे आणि दाद न मिळाल्यास लोकपालाकडे तक्रार करता येते. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर न्यायालयाची जप्ती येत नाही. म्हणून पीएफ मोडून कार्डाचे बिल भरण्याआधी वकिलाला विचारावे.

अगदीच मार्ग नसेल तर नादारीचा अर्ज हा कायदेशीर पर्याय आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील सामान्य व्यक्तींसाठीच्या तरतुदी अजून लागू नाहीत. त्यामुळे मुंबईत १९०९ च्या आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० च्या जुन्या कायद्याने न्यायालयात जावे लागते. ही वाट वेळखाऊ आहे आणि तारण ठेवलेली मालमत्ता तिने वाचत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

‘बापाचे कर्ज मुलाने फेडावे’ हा आपल्याकडचा जुना समज आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाकडून वडिलांचे नवे कर्ज वसूल करण्याची वाट बंद केली. मृत्यूनंतर वारस जबाबदार असतात ते मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर मात्र पूर्ण जबाबदारी येते. म्हणून घाबरून पहिल्या आठवड्यातच स्वतःच्या नावावर वैयक्तिक कर्ज काढू नये आणि जामीनही राहू नये. मदत करायचीच असेल, तर घरखर्च, औषधे आणि वीजबिल थेट भरावे. रोख रक्कम हातात दिली की ती बहुधा सर्वांत जास्त धमकावणाऱ्याकडे जाते.

एवढे सगळे करताना आईवडिलांच्या हातातून सारेच काढून घेऊ नये. खात्यावर नजर ठेवण्यासाठी संयुक्त सही किंवा एसएमएसची सोय करता येते, पण भाजीपाल्याचे, नातवंडांच्या खाऊचे पैसे त्यांच्याच हाती राहू द्यावेत. आठवड्यातून एक ठरावीक वार वहीसाठी ठेवावा, अर्ध्या तासात हिशेब पाहून ती बंद करावी आणि इतर दिवशी कर्जाचा विषय जेवणाच्या ताटावर काढू नये. महिनाभराने रक्तदाब पुन्हा मोजावा आणि झोप कशी लागते ते विचारावे. झोप सुधारत नसेल, तर नैराश्यासाठी उपचार सुरू करण्याची वेळ आली आहे, असे समजावे.