कर्तरी प्रयोग

मराठी व्याकरणात प्रयोग तीन: कर्तरी, कर्मणी आणि भावे. ते शिकविण्याचाच माझा व्यवसाय असल्यामुळे मुलांच्या विज्ञानाच्या वह्याही मी त्याच चष्म्यातून पाहतो. आमच्या मीरा रोडला सहावी-सातवीतल्या कोणत्याही मुलाची वही उघडा. ‘चंचुपात्रात पाणी घेतले जाते. त्यात मीठ टाकले जाते. द्रावण तापविले जाते.’ कोणी घेतले, कोणी टाकले, याचा पत्ताच नाही! सारा कर्मणी कारभार. पुष्कळदा वही लिहिणाऱ्याने चंचुपात्राला हातही लावलेला नसतो. प्रयोग फळ्यावरून वहीत येतो आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जातो.

विज्ञानातला हा हरवलेला कर्ता शोधण्याचा एक मोठा उद्योग 1972 साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळा निवडल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही हातभार लावला. सहावी ते आठवीच्या मुलांनी टोळ्या करून स्वतः प्रयोग करायचे, आपापसांत वाद घालायचे आणि मग निष्कर्ष लिहायचा, अशी ती पद्धत. मला सर्वांत धाडसाची वाटते ती त्यांची परीक्षा. मुलांना पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची मुभा होती; शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. पाठांतराचे प्रयोजनच संपले! पुढे हा कार्यक्रम शेकडो शाळांत पसरला. 2002 साली सरकारने तो बंद केला.

याच कार्यक्रमात 1978 साली पुण्याच्या टेल्कोतले एक तरुण अभियंते वर्षभराची रजा काढून दाखल झाले. ते अरविंद गुप्ता. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घन बनवून दाखविले. त्रिकोण दाबला तरी ढळत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो, हे मुलांच्या बोटांनाच कळले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’त त्यांनी अशीच कितीतरी खेळणी मुलांच्या हाती दिली. प्रयोगाला महागडी प्रयोगशाळाच लागते, ही सबब तेव्हापासून लंगडी पडली आहे.

तरी आपले पालक विचारतातच, ‘‘मार्कांचे काय?’’ प्रश्न खोटा नाही. वर्गात मुले पन्नास-साठ, तास अर्ध्या-पाऊण तासाचा आणि डोक्यावर अभ्यासक्रमाचा बोजा. शिक्षकाने करावे तरी काय? 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे खरा. पण परीक्षा जे विचारते तेच शाळा शिकविते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत प्रात्यक्षिकही असते, ही आनंदाची गोष्ट. पण आपण काय केले? त्या प्रात्यक्षिकाचेही क्लास काढले! मूल चुकण्याआधीच त्याला उत्तर सांगण्याची आपल्याला भारी घाई.

परीक्षा बदलेल तेव्हा बदलो. तोवर घरी एक गोष्ट करता येईल. भाईंदर हे जुने मिठागरांचे गाव. मिठागराचे वाफे इतके उथळ का, असे मुलाला विचारा आणि गप्प बसा. मग उत्तनच्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी आणा. एक पेला पाणी पसरट थाळीत ओता, तेवढेच दुसऱ्या पेल्यात राहू द्या आणि दोन्ही गॅलरीत उन्हात ठेवा. आधी कोणते आटेल, हे मुलाने अगोदरच लिहून ठेवावे. थाळीत उरलेले मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावे. समुद्राच्या एका लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. खाडीचे पाणी आणले तर आकडा कमी भरेल, कारण तिथे गोडे पाणी मिसळते. पण हे कारण आपण सांगायचे नाही. मुलाला खाडीवर नेऊन उभे करायचे.

चार-आठ दिवस गॅलरी अडेल, थाळी एखाद वेळी कलंडेल, अंदाज साफ चुकेल. चुकू द्यावा. पुन्हा पाणी आणू द्यावे. त्यानंतर मुलाच्या वहीत ‘मी रोज पाणी मोजतो’ असे साधे वाक्य येईल. व्याकरणदृष्ट्या तो कर्तरी प्रयोग. आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही खरा प्रयोग तोच.