स्थावर मालमत्तेतील संस्थात्मक गुंतवणूक

आयुर्विमा कंपन्या, निवृत्तिवेतन निधी, गुंतवणूक न्यास यांसारख्या वित्तसंस्थांनी आपल्याकडे जमा झालेला लोकांचा पैसा जमीन व इमारती यांत, मुख्यतः भाड्याच्या उत्पन्नासाठी, गुंतविण्याची पद्धती. स्वतःच्या वापरासाठी घर वा दुकान विकत घेणाऱ्या व्यक्तीपेक्षा अशा संस्थेचा दृष्टिकोन वेगळा असतो. तिच्या लेखी इमारत हे उत्पन्नाचे साधन असते. ते उत्पन्न किती, किती काळ आणि कितपत खात्रीने मिळेल यांवर इमारतीचे मूल्य ठरते. कार्यालयीन इमारती, व्यापारी संकुले, गुदामे व काही देशांत भाड्याची घरे ही या गुंतवणुकीची प्रमुख क्षेत्रे होत.

स्वरूप : विमा कंपन्या व निवृत्तिवेतन निधी यांना आपली देणी बऱ्याचदा वीस-तीस वर्षांनी द्यावयाची असतात. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांपासून मिळणारे उत्पन्न अशा देण्यांशी जुळते. भाडे ठराविक काळाने वाढविता येत असल्याने चलनवाढीपासूनही काही अंशी संरक्षण मिळते. याउलट, अशा गुंतवणुकीला मोठी रक्कम लागते, देखभालीचा खर्च करावा लागतो आणि इमारत विकण्यास कित्येक महिने लागतात. या अडचणींवर उपाय म्हणून अमेरिकेत १९६० मध्ये स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांना कायद्याने मान्यता देण्यात आली. न्यासाने आपल्या उत्पन्नाचा फार मोठा भाग भागधारकांना वाटून दिल्यास वाटलेल्या उत्पन्नावर न्यासाला कर द्यावा लागत नाही. न्यासाचे भाग शेअरबाजारात विकता येत असल्याने लहान बचतदारासही मोठ्या इमारतीच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला. जपान व सिंगापूर येथे एकविसाव्या शतकाच्या आरंभी, तर ब्रिटनमध्ये २००७ पासून असे न्यास अस्तित्वात आले.

मूल्य व व्याजदर : इमारतीच्या निव्वळ वार्षिक भाड्यास अपेक्षित उत्पन्नदराने भागले असता तिचे भांडवली मूल्य मिळते. उदा., वार्षिक १० कोटी रु. निव्वळ भाडे देणाऱ्या इमारतीचे मूल्य ८ टक्के दराने १२५ कोटी रु. होते, मात्र व्याजदर वाढून गुंतवणूकदार १० टक्क्यांची अपेक्षा करू लागले, की तेच मूल्य १०० कोटी रुपयांवर येते. भाडे एका रुपयानेही कमी झालेले नसते. या खरेदीत ६० कोटी रु. कर्जाऊ घेतलेले असतील, तर संस्थेचे स्वतःचे भांडवल ६५ कोटींवरून ४० कोटींवर, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांनी घटते. स्थावर मालमत्तेच्या बाजारातील बहुतेक अरिष्टांच्या मुळाशी हे गणित आढळते.

ब्रिटनमध्ये १९७३ च्या अखेरीस मूळ व्याजदर १३ टक्क्यांवर गेला, तेव्हा इमारतींच्या तारणावर सढळ कर्जे देणाऱ्या दुय्यम बँका अडचणीत आल्या व बँक ऑफ इंग्लंडला मोठ्या बँकांच्या साहाय्याने त्यांना सावरावे लागले. दुसरा धोका रोखतेचा. २०१६ च्या जनमतकौलानंतर आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील अनेक मालमत्ता निधींनी गुंतवणूकदारांना पैसे परत देणे तात्पुरते थांबविले. पैसे मागताच मिळतील अशी हमी आणि सावकाश विकली जाणारी इमारत यांतील विसंगती त्यावेळी उघड झाली.

भारत : स्वातंत्र्यपूर्व काळात मुंबईच्या फोर्ट भागात विमा कंपन्यांनी मोठ्या इमारती उभारल्या. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर आयुर्विमा कंपन्यांच्या इमारती आयुर्विमा महामंडळाच्या मालकीच्या झाल्या. मात्र १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले होते. भाडेकरूंना त्यामुळे आसरा लाभला. तथापि दुरुस्तीचा खर्चही भाड्यातून निघेनासा झाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी राज्यशासनास १९६९ मध्ये स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. भाड्यासाठी इमारती बांधण्याचे आकर्षण साहजिकच ओसरले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये बँका व एक कोटी रु. वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा नियंत्रणातून वगळण्यात आल्या. संस्थात्मक भांडवल निवासी घरांऐवजी कार्यालयांकडे वळण्याचे हे एक कारण होय.

बांधकाम क्षेत्रातील थेट परकीय गुंतवणुकीचे नियम २००५ मध्ये शिथिल झाले. स्थावर मालमत्ता (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने २०१४ मध्ये गुंतवणूक न्यासांसाठी विनियम केले. त्यांनुसार न्यासाच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असावा लागतो आणि वाटपयोग्य निव्वळ रोखीचा किमान ९० टक्के भाग वाटावा लागतो. बंगळूरस्थित एम्बसी ऑफिस पार्क्स या पहिल्या न्यासाची नोंदणी शेअरबाजारात एप्रिल २०१९ मध्ये झाली. त्यानंतर कार्यालयांचे आणखी न्यास व २०२३ मध्ये व्यापारी संकुलांचा पहिला न्यास स्थापन झाला. रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या निधीत आयुर्विमा महामंडळ व भारतीय स्टेट बँक यांचा सहभाग आहे.

भवितव्य : २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळल्याने पाश्चात्त्य देशांतील कार्यालयांची मागणी घटली आणि २०२२ पासूनच्या व्याजदरवाढीने त्यांची मूल्येही उतरली. गुदामे व विदा केंद्रे यांच्याकडे संस्थांचा कल त्यामुळे वाढला. भारतातील कार्यालयांची मागणी बऱ्याच अंशी बहुराष्ट्रीय कंपन्या व माहिती तंत्रज्ञान उद्योग यांवर अवलंबून असल्याने तेथील मंदीची झळ येथेही पोहोचू शकते. सामान्य कुटुंबांना परवडणाऱ्या भाड्याच्या घरांकडे मात्र संस्थात्मक भांडवल अजून फारसे वळलेले नाही. संस्थांनी गुंतविलेला पैसा अखेर विमेदार, निवृत्त कर्मचारी व लहान बचतदार यांचा असतो. म्हणून मालकीहक्काची निर्विवाद नोंद, स्वतंत्र मूल्यमापन आणि कर्जावरील मर्यादा या तीन गोष्टींवरच या गुंतवणुकीची सुरक्षितता अवलंबून राहते.