फोटो उजळावा, माणूस बदलू नये

घरात पाणी शिरलं की बाई आधी काय उचलते? धान्याचा डबा, मुलांची दप्तरं, रेशनकार्ड, जमलं तर गॅसची शेगडी. फोटोंची पिशवी मात्र पलंगाखालीच राहते. पाणी ओसरल्यावर, चिखल उपसताना तिची आठवण येते आणि तोवर अल्बमचा लगदा झालेला असतो.

आमच्या दिघ्याच्या एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या कितीतरी घरांतले फोटो गेले. पुढे २०१५ मध्ये दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाईचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा घाईघाईत पोत्यांत भरलेल्या सामानात किती अल्बम चुरगळले असतील कोण जाणे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ मध्ये महाड-चिपळूणने हेच भोगलं. भांडी पुन्हा घेता येतात हो, पण लग्नातला फोटो कुठून आणायचा?

बचत गटाच्या कामामुळे माझं गणपतीपाड्यात जाणं-येणं असतं. तिथल्या एका मावशींकडे त्यांच्या यजमानांचा एकच रंगीत फोटो आहे, १९८६ च्या लग्नातला. यजमान पाटण तालुक्यातून इथल्या औद्योगिक पट्ट्यात कामाला आले आणि मुलं लहान असतानाच गेले. २००५ च्या पाण्यात तो फोटो भिजला. कडेने पांढरा, मग पिवळा, मग लालभडक, आणि मधे कुठेतरी दोन माणसं. नातवाने हौसेने मोबाइलच्या एका ॲपमध्ये टाकून तो ‘नवा’ करून आणला. फोटो चकचकीत झाला, गोरापान हसरा नवरदेवही दिसू लागला. मावशींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “ताई, ह्यो कोन? ह्ये आमचं मालक न्हवंत. त्यांच्या हनुवटीवर चीर व्हती.”

नातवाचा चेहरा पडला. पण दोष त्याचा नव्हता. अशी ॲप्स पुसलेला चेहरा शोधून काढत नाहीत. लाखो चेहऱ्यांवरून शिकून, इथे नाक असं असेल, डोळा असा असेल, असा अंदाज बांधून नवा चेहरा रचतात. फोटो थोडासाच धूसर असेल तर ते खपून जातं. खूप खराब असेल तर आपल्याच घराच्या भिंतीवर परका माणूस हार घालून बसतो. आणि ज्या नातवंडांनी आजोबांना पाहिलंच नाही, त्यांना तोच खरा वाटू लागतो.

रंग जातात कसे?

रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाचे, पातळ थर असतात. नेहमीच्या कलर प्रिंटमध्ये तळाशी पिवळा, मधे गुलाबी-जांभळा आणि सर्वांत वर निळसर-हिरवा रंग असतो. पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, जंतू आणि बुरशी ते खाऊ लागतात. वरचा थर आधी सुटतो म्हणून फोटो लाल दिसतो, मधला गेला की पिवळा, आणि सगळेच गेले की पांढरा. पाणी न लागताही १९७०-८० च्या दशकांतले बरेच प्रिंट लालसर झालेत, कारण त्यातला निळसर रंग अंधारात ठेवूनही विटतो. घरातले जुने काळे-पांढरे फोटो चांगले आणि नंतरचे रंगीत मात्र विटलेले, असं होतं त्याचं कारण हेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं, रंगीतमध्ये फक्त रंगद्रव्यांचं.

पण यातच आशाही आहे. आमच्या ओळखीची एक मुलगी स्टुडिओत काम करते. तिने मावशींचा फोटो स्कॅन केला. संगणकात रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा असा तीन भागांत वेगवेगळा बघता येतो. लाल भागात काही उरलं नव्हतं, हिरव्यात डागच डाग. निळा भाग उघडला आणि तळाच्या पिवळ्या थरात टिकून राहिलेला चेहरा समोर आला. हनुवटीवरच्या चिरेसकट! मावशींनी पदर तोंडाला लावला.

पुढचं काम चार-पाच संध्याकाळचं. तो टिकलेला भाग आधार धरून बाकीचे सावरायचे, डागाशेजारचा चांगला भाग उचलून डागावर बसवायचा. साडीचा काठ एका बाजूला पुसला होता, तो दुसऱ्या बाजूवरून घेतला. साडीच्या रंगाचं काय? मुलीने हिरवा धरला होता. मावशी म्हणाल्या, “हिरवी नव्हं, मोरपंखी.” घरी जाऊन गोधडी घेऊन आल्या. त्या साडीचा तुकडा गोधडीत शिवलेला होता! एका खांद्याचा भाग पार पांढरा झाला होता. तो काढून देऊ का, असं विचारल्यावर मावशींनी नको म्हटलं. जे हाय तेवढंच ऱ्हाऊ दे.

जपानमध्ये मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले लाखो फोटो स्वयंसेवकांनी एकेक करून धुतले, वाळवले आणि ज्यांचे त्यांना परत करण्याची धडपड केली. फुजीफिल्म कंपनीनेही त्यासाठी मोहीम चालवली. तिथेही सुरुवात संगणकापासून नव्हती, स्वच्छ पाण्यापासून होती. मैत्रिणींनो, आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे.

हे लक्षात ठेवा

* भिजलेले फोटो गठ्ठ्यात वाळू देऊ नका, कायमचे चिकटतात. ओले असतानाच हलक्या हाताने वेगळे करा, थंड स्वच्छ पाण्यातून काढा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. चित्रावर बोट किंवा फडकं फिरवू नका.
* दोन दिवसांत सवड होणार नसेल तर फोटोंमध्ये मेणकागद घालून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा.
* काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच स्कॅन करा किंवा खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल सरळ धरून फोटो घ्या.
* डिंकाच्या पानांचे अल्बम आणि लॅमिनेशन टाळा. साधी कागदी पाकिटं बरी.
* फोटो दुरुस्तीला देण्याआधी स्कॅन करून घ्या. लहान फोटोला ६०० डीपीआय सांगा. मूळ स्कॅन वेगळा जपा, दुरुस्ती त्याच्या प्रतीवर होऊ द्या. मूळ फोटो, कितीही खराब असला तरी, फेकू नका.
* दुरुस्त फोटो घरातल्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पैसे चुकते करू नका. तीळ, व्रण, दातातली फट, कुंकवाचा आकार तपासा. ॲप वापरायचंच तर डाग-ओरखड्यांसाठी वापरा, चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

आणि दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा अल्बम घेऊन एक दुपार सासूबाईंजवळ, आईजवळ बसा. कोण कुठे उभं आहे, साडी कोणत्या रंगाची होती, हे पाकिटावर लिहून काढा. पुसलेला रंग भरायला हीच माहिती लागते, आणि ती फक्त त्यांच्याकडेच आहे.